खोडरबरबाईंचा सिंह

नकाशा कार्यालयात बाईंना तोंडावर सगळे 'बाई' म्हणत आणि पाठ वळली की 'खोडरबर'. हे नाव कोणी ठेवलं असं एखाद्या नवख्याने चुकून विचारलंच, तर बाई बिनदिक्कत स्वतःकडे बोट दाखवत. "मीच कमावलंय. सोळा वर्षं मान मोडून काम केल्यावर मिळालंय, फुकट नाही."

बाई अनुरेखक होत्या. म्हणजे जुना नकाशा काचेच्या टेबलावर पसरायचा, खालून दिवा लावायचा, वर पातळ कागद अंथरायचा आणि खालची प्रत्येक रेघ शाईने वर उतरवायची. त्यात स्वतःचं डोकं चालवायचं नसतं, आणि तेच त्या कामातलं सगळ्यांत अवघड. बाविसाव्या वर्षी त्या नोकरीला लागल्या तेव्हा त्यांचा हात असा स्थिर होता की नदी काढताना त्या श्वास रोखून धरत आणि नदी संपली की सोडत. लांब नद्यांना त्यांचा चेहरा लालबुंद व्हायचा. शेजारच्या टेबलांवरचे लोक हातातलं काम थांबवून बघत राहायचे. या कौतुकाचं जे व्हायचं तेच झालं. बाईंचा हात जागेवर राहिला, पण डोकं हवेत गेलं.

त्यात शाळेत असताना त्यांना विज्ञानाचं बक्षीस मिळालेलं. एक तळहाताएवढी पितळी ढाल. ती बाईंनी बाहेरच्या खोलीत अशा बेताने ठेवली होती, की आल्यागेल्याने पाण्याचा पेला खाली ठेवायला हात पुढे केला की नजर ढालीवरच पडावी. भुताखेतांवर, शकुनांवर, हातावरच्या रेघांवर त्यांचा विश्वास नव्हता, आणि तो नाही हे समोरच्याला सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. सासूबाई एकदा वैतागून म्हणाल्या, "सूनबाई, कशाकशावर विश्वास नाही ते ऐकलं बाई. आता कशावर आहे ते सांग. यादी लहान होईल."

बाईंचे यजमान पंप दुरुस्तीचं काम करत. शहरातल्या निम्म्या इमारतींचं पाणी त्यांच्या हातून वर चढायचं. बोलणं बेताचंच, आणि जे काही बोलायचं ते पाना हातात धरून. ढालीबद्दल ते आजवर काही बोलले नव्हते. फक्त एकदा तिच्यावर नटबोल्ट काढून ठेवले होते. त्यावरून घरात दोन दिवस अबोला झाला.

नोकरीच्या चौथ्या वर्षी साहेबांनी बाईंना बोलावलं आणि मोठ्या कपाटातला कापडी नकाशा त्यांच्या हवाली केला. शहर, नदी आणि आजूबाजूचा सगळा मुलूख त्यात होता. मूळ नकाशा कोणत्या काळातला ते कुणालाच ठाऊक नव्हतं. ही त्याची प्रत, शे-दीडशे वर्षांपूर्वी कुणा लेखनिकाने उतरवलेली, आणि तिचीही कसरीने चाळणी करत आणलेली. नकाशाचा मधला भाग इतका बिनचूक की शहरातल्या विहिरी मोजून घ्याव्यात. पण कडेकडेला जावं तसा तो सैल सुटत जाई. शहरापासून दिवसभराच्या वाटेवर नदीत एक राक्षस गुडघे वर करून बसला होता. पूर्वेला, नदीच्या वळणापाशी, सपाट जमिनीवर एक नाग पाच वेटोळी घालून झोपलेला. शेपूट टेकडीच्या पायथ्याशी, तोंड नदीकडे. पश्चिमेच्या माळावर एक काळा सिंह. दक्षिणेला, नकाशा काढणाऱ्याची माहिती जिथे संपली असावी तिथे, एका पायाची माणसं ओळीने उभी. त्यांच्याही पलीकडे दुधाचा समुद्र, त्यात तरंगणारं एक बेट, आणि बेट वाहून जाऊ नये म्हणून त्याला बांधलेला दोर. दोराची लांबीही बाजूला लिहिलेली होती.

"नवी प्रत हवी," साहेब म्हणाले. "जसं आहे तसं उतरवा."

'जसं आहे तसं' याचा अर्थ बाईंनी आपल्या सोयीने लावला. नकाशात आहे तसं की जमिनीवर आहे तसं, हे साहेबांनी कुठे सांगितलं होतं? जमिनीवर राक्षस नव्हता. बाई तिथून दोनदा नावेने गेल्या होत्या. तेव्हा राक्षस गेला, सिंह गेला, माणसं आपापल्या पायासकट गेली, आणि दुधाच्या समुद्राच्या जागी बाईंनी नुसती चौकट आखली. हे करताना आपण शेकडो वर्षांची जळमटं काढतोय, अशा थाटात त्या बसल्या होत्या. शेजारचा अनुरेखक भीतभीत म्हणाला, "बाई, नाग तरी ठेवा. किती छान काढलाय."

"छान आहे म्हणून खरा आहे का?" बाईंनी विचारलं, आणि वर विज्ञानाबद्दल पाच मिनिटं ऐकवलं. तो बिचारा पुन्हा कधी काही बोलला नाही.

पण नाग काढल्यावर नकाशात अगदी डोळ्यांत भरेल अशा ठिकाणी पांढरं भगदाड पडलं. बाईंनी तिथे वळणदार अक्षरात 'मोकळी जमीन' असं लिहिण्यासाठी आधी पेन्सिलीने आखून पाहिलं. चार पावलं मागे जाऊन बघितलं. जागा भरेना. दोन शब्द त्या एवढ्या मोठ्या मैदानात चुकलेल्या वासरांसारखे दिसत होते. मग अक्षरांचा तोल साधावा म्हणून बाईंनी मध्ये एक शब्द घातला. 'मोकळी कोरडी जमीन.' आता कसं शोभून दिसलं.

साहेब निवृत्तीला आले होते आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते. त्यांनी प्रत नाकाला लावून पाहिली आणि "किती स्वच्छ!" एवढंच म्हणाले. प्रत काचेच्या चौकटीत घालून मुख्य दारासमोर टांगली गेली. बाई रोज येता-जाता तिच्यासमोर एकदा चपलेचा पट्टा नीट करायला थांबत. पट्ट्याला काहीही झालेलं नसे.

बारा वर्षं अशी सुखात गेली. मग कार्यालयाला नवी इमारत मिळायचं ठरलं. खाली प्रशस्त तळघर, त्यात लोखंडी मांडण्या, तिथे सगळे जुने नकाशे. जागा शोधणारी मंडळी चौकटीसमोर उभी राहिली आणि कुणीतरी पूर्वेच्या वळणावर बोट ठेवलं. मोकळी, वर कोरडी, आणखी काय हवं? तरी रीतसर चाचणी झाली. भर उन्हाळ्यात चार खड्डे खणले, चारही कोरडे लागले. पाचवा खणायचा होता, पण "नकाशातही कोरडीच लिहिलंय" म्हणून तो सोडून दिला. हे बाईंना पुढे कळलं. त्या पाचव्या खड्ड्याची आठवण निघाली की त्या अजून कानाची पाळी पकडतात.

इमारत झाली, नकाशांच्या गुंडाळ्या पत्र्याच्या नळकांड्यांत भरून तळघरात गेल्या, आणि तिसऱ्या महिन्यात, आभाळात ढगाचा ठिपका नसताना, एका कोपऱ्यात फरशीच्या सांध्यातून पाणी आलं. सकाळी शिपायाने दार उघडलं तेव्हा खालच्या फळीवरची नळकांडी पाण्यात डुलत होती. सगळं कार्यालय बाह्या सरसावून जिन्यावर रांगेने उभं राहिलं आणि दुपारपर्यंत नकाशे हातोहात वर आले. वाचले बहुतेक. ओले झालेले गच्चीवर वाळत घातले. बाई जिन्याच्या मधोमध उभ्या होत्या आणि जागा निवडणाऱ्यांच्या नावाने बोटं मोडत होत्या. "माणसाने डोळे उघडे ठेवून कामं करावीत," असंही त्या म्हणाल्याचं साक्षीदार सांगतात.

पाणी उपसायला बाईंच्या यजमानांनाच बोलावलं. चौथ्या दिवशी ते जेवताना म्हणाले, "उपसलं की चार तासांत परत तेवढंच. हे साचलेलं पाणी नाही. चालतं पाणी आहे."

"म्हणजे?"

"कुठून तरी येतंय, कुठे तरी चाललंय. मध्ये तुमचं तळघर लागलं, म्हणून आत डोकावलं." त्यांनी ताटातल्या भातात बोटाने वळणं काढली. "टेकडीकडून येत असणार. असं, असं, असं, आणि नदीत."

बाईंचा घास हातातच राहिला. भातात पाच वळणं होती.

दुसऱ्या दिवशी कार्यालय उघडायच्या आधीच त्या पोचल्या, कापडी नकाशा काढला आणि नव्या इमारतीचा आराखडा त्याच मापात कागदावर काढून त्यावर ठेवला. इमारत नागाच्या तिसऱ्या वेटोळ्यावर बसली होती. पाण्याचा कोपरा बरोबर अंगाच्या रेषेवर. टेकडीच्या पायथ्याशी जो ओढा जमिनीत गडप होतो असं सगळेच म्हणत, तो शेपटीपाशी गडप होत होता. अधूनमधून जमिनीखालून अंग वर काढणारं पाणी कुणीतरी, कधीतरी, पिढ्यान्‌पिढ्या बघितलं होतं, आणि सांगायला त्यांच्याकडे जी भाषा होती तीत सांगून ठेवलं होतं.

सकाळभर त्यांनी स्वतःशी वाद घातला. जुना नकाशा कपाटात होता. तो कोण बघणार? जुने साहेब केव्हाच निवृत्त झाले होते. शेजारच्या अनुरेखकाची बदली झाली होती. तोंड मिटून बसलं तर कुणाला कळायचं नाही. पण दुपारी चौकटीसमोरून जाताना त्यांना आपलंच अक्षर दिसलं. त्या तशाच नव्या साहेबांच्या खोलीत शिरल्या.

"साहेब, नकाशात 'कोरडी' लिहिलंय ना, ते मी लिहिलंय."

"अक्षर ओळखलं मी, बाई. सुरेख आहे."

"अक्षर नाही, साहेब. शब्दही माझाच आहे."

"मग मूळ नकाशात काय आहे?"

"नाग."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "नाग म्हणजे?"

"नाग म्हणजे नागच, साहेब. फणा वगैरे असलेला."

"आणि तुम्ही नाग काढून तिथे 'कोरडी' लिहिलंत."

"जागा भरत नव्हती, साहेब."

साहेबांनी तोंड खिडकीकडे वळवलं. बाईंना वाटलं संतापले. मग लक्षात आलं, ते हसू दाबतायत, आणि ते संतापापेक्षा जास्त लागलं. शेवटी ते म्हणाले, "लेखी द्या. आणि जितके जुने नकाशे नव्याने उतरवलेत ते सगळे मूळ नकाशांशी ताडून बघा. आणखी काय काय गाळलंय ते कळू दे."

चौकट भिंतीवरून उतरली. तळघरातून नदीपर्यंत पक्की मोरी काढून नागाला त्याची वाट मोकळी करून दिली, आणि नकाशे कायमचे वरच्या मजल्यावर गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंच्या टेबलावर एक कोरं खोडरबर होतं. खाली चिठ्ठी होती, 'उरलेल्या प्राण्यांसाठी.' त्या दिवसापासून ते नाव चिकटलं.

इथवर गोष्ट थांबली असती तर बाईंची थोडीफार अब्रू राहिली असती. पण ज्या जोमाने त्यांनी प्राणी गाळले होते, त्याच्या दुप्पट जोमाने त्या आता प्राण्यांवर विश्वास ठेवायला लागल्या. घरातली ढाल कपाटात गेली. बाईंनी एक जाडजूड वही केली आणि जुन्या नकाशांतल्या प्रत्येक चमत्कारिक आकृतीचा खरा अर्थ तीत नोंदवायला सुरुवात केली. दुर्दैवाने पहिलाच अर्थ बरोबर निघाला. राक्षसाच्या जागेबद्दल विचारायला त्या नदीवर गेल्या, तर म्हातारा नावाडी म्हणाला, "तिथं पाण्याखाली दोन खडक आहेत. पाणी उतरलं की वर येतात. आम्ही त्यांना गुडघेच म्हणतो. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"नकाशाने," बाई म्हणाल्या, आणि परतीच्या नावेत त्यांनी मान अशी काही ताठ ठेवली की नावाड्याला वाटलं यांना उसण भरली.

मग बाईंना कोणी आवरेना. एका पायाची माणसं म्हणजे दलदलीत एकाच खांबावर उभारलेली घरं, असं त्यांनी ठरवलं. दक्षिणेला इतक्या लांब खरं-खोटं करायला कुणी जाणार नव्हतं, म्हणून हा अर्थ त्यांनी सगळ्यांत ठासून लिहिला. तरंगतं बेट म्हणजे पुरात वाहून आलेलं वेलींचं जाळं. दोर म्हणजे दोर. घरीही तेच. यजमानांनी पाण्याच्या बिघडलेल्या पंपाचं चित्र काढून समोर ठेवलं तरी बाई विचारत, "हे कशाचं प्रतीक आहे?"

"वायसरचं," ते म्हणत.

आणि मग सिंह आला. शहरातून पश्चिमेच्या बाजारगावाला जाणारा नवा रस्ता आखला जात होता आणि तो सरळ सिंहाच्या पोटातून जात होता. बाईंनी भिंग घेऊन सिंह तीन आठवडे पाहिला. बाकीचे प्राणी रेघांनी काढलेले होते, सिंह मात्र आतून पूर्ण काळा. पोट काळं, म्हणजे पोकळ. पोकळ, म्हणजे खाली गुहा. पुढचे पंजे पसरलेले, म्हणजे जमीन दोन बाजूंना खचणार. नऊ पानांचा अहवाल झाला, आकृत्यांसकट. साहेबांनी माणसं पाठवून माळावर खणून पाहिलं, तर खडक लागला. अख्खा, धडधाकट, कुठेही पोकळी नाही.

"बाई, इथे काही दिसत नाही," साहेब म्हणाले.

"नागही दिसत नव्हता, साहेब," बाई म्हणाल्या.

साहेब म्हणजे पाण्याने तोंड पोळलेले गृहस्थ. त्यांनी शिफारस पुढे पाठवली आणि रस्ता सिंहाला वळसा घालून गेला. दीड किलोमीटरचा गोल गरगरीत वळसा, सपाट माळावर, ना टेकडी ना नाला. लोक म्हणत, रस्ता आखणारा बहुतेक चक्कर येऊन पडला असावा. बाई मात्र वर्तमानपत्रात कुठे जमीन खचल्याची बातमी आली की ती कापून ठेवत आणि मनात म्हणत, तो रस्ता वाचला.

पंधरा वर्षं त्या अशा समाधानात राहिल्या. निवृत्तीला वर्ष उरलं तेव्हा कापडी नकाशा दुरुस्तीला काढला. मागच्या बाजूने त्याला कधीकाळी जाड अस्तर चिकटवलेलं होतं, ते कसरीने पोखरलं होतं. अस्तर काढायचं कामही बाईंनाच दिलं. ओल्या टीपकागदाने खळ भिजवायची आणि बोथट सुरीने बोटबोट कापड सोडवायचं. आठ दिवस लागले. हात आता पहिल्यासारखा राहिला नव्हता, श्वास तर पाच बोटंसुद्धा पुरत नव्हता. आठव्या दिवशी शेवटचा कोपरा सुटला आणि नकाशाची पाठ उघडी पडली. पाठीवर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. ज्या लेखनिकाने ही प्रत उतरवली होती, त्याने प्रत्येक आकृतीच्या नेमक्या मागच्या जागी टीप लिहून ठेवली होती.

बाईंनी चष्मा पुसला आणि वाचायला सुरुवात केली.

'राक्षस. मुळात आहे. नावाड्यांना विचारलं. खडक आहेत.'

बाईंनी मान डोलावली. कुणाला तरी आपल्याआधी कळलं होतं, ठीक आहे.

'एक पायाची माणसं. मुळात पाय दोन असावेत. एक कसरीने खाल्लेला दिसतो. खात्री नाही, म्हणून दिसलं तसं काढलं.'

बाईंना आपली खांबावरची घरं आठवली. त्या इकडेतिकडे बघून घेऊन पुढे सरकल्या.

'नाग. मुळात आहे. अर्थ लागला नाही. सांगणारं कुणी भेटलं नाही. ठेवला.'

इथे त्या थांबल्या. खोलीत चौघे काम करत होते, कुणाचं लक्ष नव्हतं. त्या माणसालाही नाग कळला नव्हता. त्यालाही वाटलं असेल, हे काय भलतंच. त्याच्याही हातात लेखणी होती. आणि त्याने एवढंच केलं होतं, ठेवला. बाईंनी ते अक्षर बोटाने चाचपून पाहिलं. फार काही वळणदार नव्हतं. घाईत लिहिल्यासारखं, जरा तिरकं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि नकाशावर पडू नये म्हणून त्या मागे सरकल्या, तेवढं भान होतं.

मग त्यांनी नाक पुसलं आणि पश्चिमेकडे वळल्या.

'सिंह. मुळात नाही. शाई वाळायच्या आत मांजर येऊन माळावर बसलं. डाग निघेना. पाय, शेपूट आणि आयाळ काढून सिंह केला. साहेबांना आवडला.'

बाईंनी हे तीनदा वाचलं. मग खुर्चीत टेकून बसल्या. नऊ पानं. आकृत्यांसकट. खडकात खणलेले खड्डे. दीड किलोमीटर. पंधरा वर्षं रोज जाणाऱ्या गाड्या, बैलगाड्या, सायकली, सगळ्या त्या मांजराच्या बुडाला वळसा घालून. त्यांना हसू फुटलं, आणि ते इतकं वाढलं की टेबलावरची शाईची बाटली हलायला लागली. शेजारच्या मुलीने पाणी आणून दिलं.

आता कार्यालयात तिसऱ्या साहेब होत्या, वयाने बाईंच्या मुलीएवढ्या. बाई नकाशा घेऊन त्यांच्यासमोर गेल्या.

"मॅडम, पश्चिमेच्या रस्त्याला जो वळसा आहे ना, त्याला कारण मांजर आहे."

"मांजर मेलं का तिथे?"

"ते मेलं असणार, शंभर वर्षं झाली," बाई म्हणाल्या, आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. मॅडमनी ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या, रस्ता आता सरळ करता येणार नाही, वळणावर वस्ती झालीय, दुकानं झालीत. पण नव्या प्रतीत दोन्ही बाजू छापू. पुढची आणि पाठीवरचीही. "आणि बाई, शेवटी तुमचीही टीप घाला. तुम्ही काय काढलंत, का काढलंत."

"सगळं?"

"कोरडीसकट."

बाईंनी तीन दिवस घालवून ती टीप लिहिली. पहिल्या खर्ड्यात त्या स्वतःला पुष्कळ सांभाळून घेत होत्या. यजमानांनी तो वाचला आणि पान्याने एक वाक्य दाखवलं, "हे काय? 'तत्कालीन परिस्थितीत'?" बाईंनी ते खोडलं. शेवटी पाच ओळी उरल्या.

त्या रविवारी बाई म्हणाल्या, "मला ते वळण बघायचंय." आजवर त्या तिकडे गेल्याच नव्हत्या. यजमानांनी स्कूटर काढली.

माळ खरोखरच तव्यासारखा सपाट होता. सरळ जाणारा रस्ता अचानक उजवीकडे झुकायला लागला, झुकतच राहिला, आणि त्या वळणाच्या मध्यावर चारसहा दुकानं, एक बस थांबा आणि बाकडी होती. थांब्याच्या फळीवर कुणीतरी रंगाने लिहिलं होतं, 'सिंहाचं वळण.' बाई तडक चहाच्या दुकानात शिरल्या. दुकानवाली खणखणीत आवाजाची होती. बाईंनी विचारलं, हे नाव कसं पडलं?

"तुम्ही नव्या दिसता," दुकानवाली म्हणाली. "इथे सिंह बसायचा. एवढा मोठा. रस्ता बांधायला माणसं आली तर उठेना. खणायला घेतलं तर डरकाळी फोडायचा, कुदळी मोडायच्या."

"खडक होता म्हणून मोडल्या असतील," बाई म्हणाल्या.

"खडक? त्या खडकाखाली तर तो राहायचा. मग शहरातल्या कुणी मोठ्या बाई होत्या, फार शिकलेल्या. त्यांना सिंहाची भाषा कळायची. त्यांनी त्याच्याशी बोलून घेतलं आणि रस्ता असा बाजूने काढला. तेव्हापासून अपघात नाही हो इथे एकसुद्धा."

यजमानांना चहाचा ठसका लागला. बाईंनी त्यांच्याकडे बघितलं नाही.

"अहो ताई, असं काही झालं नव्हतं. त्या बाई मीच. सिंह नव्हताच. शाईचा डाग होता, मांजर बसलं होतं नकाशावर."

दुकानवालीने बाईंना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग यजमानांकडे बघत हलक्या आवाजात म्हणाली, "उन्हातून आणलंत का यांना? पाणी देऊ?"

पाणी पिऊन दोघं निघाले, तर स्कूटर सुरू होईना. पंप उघडून मिटल्या डोळ्यांनी जोडणाऱ्या माणसाने वीस लाथा मारल्या, दोनदा काहीतरी फुंकलं, आणि मग यजमान म्हणाले, "ढकलायला लागणार. गॅरेज वळणाच्या त्या टोकाला आहे."

बाईंनी मागून हात लावला. समोर रस्ता लांबच लांब गोल फिरत गेला होता. डावीकडे मधला माळ मोकळा पडला होता, त्यातून सरळ गेलं असतं तर गॅरेज हाकेच्या अंतरावर होतं.

"मधून जाऊ या का?" यजमान म्हणाले. "पायवाट आहे बघ. सिंह नाही म्हणतेस ना तू."

बाईंनी माळाकडे बघितलं. दुकानवाली दारात येऊन कमरेवर हात ठेवून त्यांच्याकडेच बघत होती.

"नको," बाई म्हणाल्या. "ती बघतेय. उगाच तिला खोटं कशाला पाडा? ढकला."